तुडतुड्यांवरील औषधांची पारख

धान निसवून लोंब्या खाली झुकू लागल्या, की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : तुडतुड्यांवर कोणते औषध चांगले? या प्रश्नास कृषी केंद्राचा दुकानदार एक उत्तर देतो, शेजारचा शेतकरी दुसरे देतो, आणि दोघेही पुरावा मात्र एकच सांगतात. तो असा की, अमुक औषध मारले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांधीतील पाण्यावर किड्यांचा थर तरंगत होता. हा पुरावा खोटा नसतो. परंतु तो अपुरा असतो, आणि कित्येक वेळा नेमका उलट्या दिशेस नेणारा असतो. या किडीपुरते तरी औषधाची परीक्षा पहिल्या दिवशी सुरू होऊन तिसऱ्या आठवड्याच्या शेवटास पुरी होते, हे दाखविण्याचा आम्ही या लेखात प्रयत्न करीत आहो.

विषय केवळ विद्वानांच्या वादाचा नाही. २०१७ सालच्या खरिपात पूर्व विदर्भात धान कापणीस येत असतानाच तुडतुड्यांनी बांध्या बसविल्या, आणि त्या वर्षीच्या सरकारी मदतीत कपाशीवरील बोंडअळीबरोबर धानावरील तुडतुड्यांचेही नाव घालावे लागले. नुकसान झालेल्या अनेकांनी एकदा नव्हे, दोन-तीनदा फवारणी केलेली होती. औषधाचा खर्च, मजुरी आणि शेवटी हाती तणस, असा हा तिहेरी तोटा का होतो, हे समजण्यास प्रथम किडीची रीत पाहिली पाहिजे.

भातावर तुडतुडे तीन प्रकारचे आढळतात. हिरवे तुडतुडे पानांवर राहतात व सहज नजरेस पडतात. तपकिरी आणि पांढऱ्या पाठीचे हे दोन प्रकार मात्र चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या किंचित वर, दाट सावलीत व दमट हवेत बसून रस शोषतात. धुऱ्यावर उभे राहून पीक पाहणारास ते दिसत नाहीत. पीक हिरवेगार वाटत असते, आणि एके दिवशी बांधीच्या मध्यभागी पिवळा गोल डाग उमटतो, तो चहूबाजूंस पसरतो व आठ-दहा दिवसांत तेवढा भाग जळाल्यासारखा होऊन आडवा पडतो. या दोहोंत अधिक घातक तो तपकिरी, आणि पुढील विवेचन मुख्यतः त्यासच धरून आहे.

तपकिरी तुडतुड्याची मादी पानाच्या खोळीस चीर पाडून तिच्या आत अंडी घालते. एक मादी साधारणपणे २०० ते ३०० अंडी देते. सुमारे आठवड्याने पिले बाहेर पडतात, पाच वेळा कात टाकून दोन आठवड्यांत ती प्रौढ होतात, आणि महिन्याच्या आत पुढली पिढी उभी राहते. प्रौढांतही दोन जाती दिसतात. लांब पंखांचे किडे बाहेरून उडत येऊन शेतात उतरतात. त्यांच्या पोटी पुष्कळसे आखूड पंखांचे निपजतात, ते उडत नाहीत, जागेवरच राहून प्रजा वाढवितात. पीक वाळू लागले की पुन्हा लांब पंखांचे तयार होऊन दुसरे शेत शोधतात. यावरून फवारणीच्या दिवशी एकाच चुडावर अंडी, पिले व प्रौढ अशी तिन्ही असतात, हे वाचकांच्या ध्यानी येईल. वरून पडणारे औषध पिलांना व प्रौढांना मारील. खोळीच्या आतील अंड्यांस ते पोचत नाही. आठवडाभराने तीच अंडी फुटतात, आणि तोवर औषधाचा जोर ओसरलेला असतो.

या किडीवर उपाय शोधण्याची खटपट फार जुनी आहे. जपानात १७३२ साली तुडतुड्यांनी पश्चिमेकडील प्रांतांतील भात खाऊन मोठा दुष्काळ पाडला. तेथील शेतकरी खाचरातील पाण्यावर देवमाशाचे तेल थेंबथेंब सोडून त्याचा पातळ पापुद्रा पसरू देत व मग झाडूने चूड हलवीत. खाली पडलेले किडे तेलाने माखून श्वास कोंडून मरत. ओकुरा नागात्सुने यांनी १८२६ साली या उपायावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. या उपायात एक गुण असा होता की, मारा थेट बुडाशी, किडीच्या बसण्याच्या जागीच होई. आज पाठीवरच्या पंपाने लोंब्या तेवढ्या भिजविणाऱ्या आपल्या मजुरापेक्षा तो जपानी शेतकरी या बाबतीत अधिक शहाणा होता, असे म्हणणे भाग आहे.

पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुटक्या, भरपूर फुटवे धरणाऱ्या व नत्र पचविणाऱ्या जाती आल्या, पीक दाट झाले, आणि त्याबरोबर कीटकनाशकांची फवारणी ठराविक तारखेस करण्याची पद्धतही आली. १९७३ च्या सुमारास फिलिपीन्समध्ये व आपल्याकडे केरळातील कुट्टनाडात तपकिरी तुडतुड्यांचे मोठे उद्रेक झाले. तोपर्यंत ही कीड दुय्यम गणली जात असे. लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तेव्हा अनेक औषधांच्या चाचण्या चालू होत्या, आणि त्यांत एक चमत्कारिक प्रकार दिसून आला. मिथिल पॅराथिऑन, डायझिनॉन, डेल्टामेथ्रिन अशी औषधे फवारलेले वाफे जळून गेले, आणि तुलनेकरिता मुद्दाम बिनऔषधी ठेवलेले वाफे मात्र हिरवे उभे राहिले! किडीचे हे उलटून उसळणे पहिल्या दिवसाच्या मोजणीत कधीच दिसले नसते. त्या दिवशी औषधाने किडे खरोखरच मेले होते.

याची कारणे पुढे पुष्कळ अंशी उलगडली. पहिले व सर्वांत मोठे कारण म्हणजे किडीच्या शत्रूंचा नाश. चुडाच्या बुडाशी फिरणारा लांडगा कोळी तुडतुडे पकडून खातो. हिरवा मिरीड ढेकूण आपली सोंड खोळीत खुपसून तुडतुड्यांची अंडी शोषतो. हे दोघेही उघड्यावर हिंडणारे असल्यामुळे फवाऱ्यात आधी सापडतात, आणि खोळीतील अंडी सुरक्षित राहतात. मग फुटणाऱ्या पिलांना खाणारे कोणी उरत नाही. दुसरे कारण असे की, काही औषधांची न मारणारी अल्प मात्रा पोटात गेली असता मादी अधिक अंडी देते. डेल्टामेथ्रिनसारख्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांविषयी हे वारंवार आढळले आहे, आणि म्हणूनच धानावर तुडतुडे असता त्या वर्गातील औषध मारणे म्हणजे आगीत तूप ओतणे होय. पीटर केनमोर यांनी फिलिपीन्समधील शेतांत दाखवून दिले की, न फवारलेल्या भातात तुडतुड्यांची संख्या शत्रूंच्या धाकाने आटोक्यात राहते व फवारलेल्या भातात तीच अनेकपटींनी फुगते. इंडोनेशियाच्या सरकारने या ज्ञानावर पाऊल उचलले. १९८६ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने ५७ कीटकनाशके भातावर वापरण्यास मनाई झाली व औषधांवरील सरकारी सूट पुढील काही वर्षांत काढून घेण्यात आली.

आता औषधाची शास्त्रीय परीक्षा कशी घेतात ते पाहू. ती दोन ठिकाणी होते, प्रयोगशाळेत व शेतात.

प्रयोगशाळेत तुडतुडे मुद्दाम वाढवितात. त्यासाठी बहुधा ताइचुंग नेटिव्ह १ ही जात लावतात, कारण तिच्यावर ही कीड फार माजते. भाताचे कोवळे खोड वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणात काही सेकंद बुडवून सावलीत वाळवितात, नळीत ठेवून त्यावर एका वयाची मोजकी पिले सोडतात, आणि ठराविक तासांनी मेलेली मोजतात. साध्या पाण्यात बुडविलेल्या खोडावरही तितकीच पिले सोडलेली असतात. त्यांतलीही काही हाताळणीने मरतातच. ती वजा कशी करावी याचे सूत्र अ‍ॅबट यांनी १९२५ साली दिले. समजा, पाण्याच्या नळीत १०० पैकी १० मेली व औषधाच्या नळीत १०० पैकी ७३ मेली. पाण्यातही ९० जगली असती, त्यांपैकी औषधाने ६३ मारली. म्हणून औषधाचे खरे काम शेकडा ७३ नसून शेकडा ७० ठरते. अशा मोजण्यांवरून निम्मे किडे मारणारी मात्रा काढतात. सगळे मारणारी मात्रा का काढीत नाहीत, असे कोणी विचारील. शेवटचे दोन-चार चिवट किडे फार अनिश्चित असतात, त्यांच्यावरून निष्कर्ष डळमळतो. मध्यावर मात्रेतील लहानसा फरकही स्पष्ट उमटतो. आज मोजलेली ही निम्म्याची मात्रा दहा वर्षांपूर्वीच्या मात्रेच्या किती पट झाली, यावरून कीड औषधास किती निर्ढावली तेही कळते.

शेतातील चाचणी याहून अवघड, कारण शेतात पाऊस, वारा, पाण्याचा निचरा व किडीचे शत्रू या सर्वांचा हात असतो. तुडतुडे बांधीभर सारखे पसरत नाहीत. खोलगट, पाणी साचणाऱ्या व दाट जागी त्यांची ठिकाणे असतात. सगळी खोलगट बाजू एका औषधास व सगळी उंच बाजू दुसऱ्यास दिली, तर आपण औषधांची नव्हे, जमिनीची तुलना केली असे होईल. यासाठी प्रत्येक औषधास तीन-चार वाफे देतात व ते चिठ्ठ्या टाकून, कोणाच्याही पसंतीवाचून वाटतात. ही शिस्त इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथे काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी घालून दिली. प्रयोगांच्या मांडणीवरील त्यांचा ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक वाफ्यातील ठराविक चूड फवारणीच्या आदल्या दिवशी मोजतात, आणि मग पहिल्या, तिसऱ्या, सातव्या व चौदाव्या दिवशी, शक्य असल्यास त्यापुढेही, पुन्हा मोजतात. शेवटी वाफ्यावार धान झोडून तोलतात.

बिनऔषधी वाफ्याचे मोल किती, हे एका हिशोबाने पाहू. समजा, फवारणीपूर्वी दर चुडास २० तुडतुडे होते व सातव्या दिवशी ५ राहिले. विकणारा म्हणेल, शेकडा ७५ मेले. परंतु बाजूच्या बिनऔषधी वाफ्यातही आधी २० होते, आणि जोराच्या पावसाने व कोळ्यांनी तेथेही ६ च उरले. म्हणजे औषध न मारता ६ राहिले असते, ते मारून ५ राहिले; औषधाचे काम शेकडा १७ च्याही आतले. उलट बिनऔषधी वाफ्यात त्याच मुदतीत २० चे ४० झाले असते आणि फवारलेल्या वाफ्यात १० राहिले असते, तर वरवर पाहता निम्मेच मेले असे दिसले तरी खरे काम शेकडा ७५ भरते. हेंडरसन व टिल्टन यांचे १९५५ चे सूत्र ते हेच. बिनऔषधी वाफा नसेल तर यांतले काहीच कळणार नाही, आणि आपल्याकडे बहुतेक शेतकरी सगळी शेती एकदम फवारतात. मग पावसाचे श्रेय डब्याला जाते.

मोजणीचा दिवस बदलला तर निकाल कसा फिरतो, याचे उत्तम उदाहरण बुप्रोफेझिन होय. हे औषध किड्यास तडकाफडकी मारीत नाही. पिलास कात टाकताना नवी त्वचा बनवू देत नाही, त्यामुळे पिले पुढल्या कातीच्या वेळी मरतात, आणि प्रौढ तर बहुतेक जिवंतच राहतात. पहिल्या दिवशी पाहणाऱ्याने या औषधास नापासच केले पाहिजे. पायमेट्रोझिनचेही तसेच : त्याने तुडतुड्याचे रस शोषणे बंद पडते व तो उपासाने काही दिवसांनी मरतो. किडा चुडावर दिसतो, पण पिकास त्याची झळ लागत नाही. याउलट पायरेथ्रॉइड पहिल्या दिवशी पहिल्या वर्गात उतरेल व तिसऱ्या आठवड्यात शेत जाळील. पाण्यावर तरंगणारा किड्यांचा थर हीच ज्याची कसोटी, तो दुसऱ्यास विकत घेईल आणि पहिल्यास नावे ठेवील.

चाचणीचा निकाल कायमचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. इमिडाक्लोप्रिड १९९० च्या दशकाच्या आरंभी आले तेव्हा तुडतुड्यांवर त्यासारखे दुसरे नव्हते. परंतु २००५ च्या सुमारास चीन, व्हिएटनाम आदि देशांत ते निकामी होऊ लागले, आणि पुढे चीनमध्ये बुप्रोफेझिनचीही तीच गत झाली. ही निर्ढावलेली प्रजा जागेवर राहत नाही. १९६७ च्या जुलैत जपानच्या दक्षिणेस, किनाऱ्यापासून सुमारे ५०० किलोमीटर आत समुद्रात उभ्या असलेल्या हवामान-जहाजावर तुडतुड्यांचे थवे उतरले. ते वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडतात याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता. यास्तव आपल्या तालुक्यात यंदा काय चालते, हे आपल्याच तालुक्यात यंदा पाहावे लागते. येथे एक सूचना : दुकानात नाव बदलले म्हणून औषध बदलले असे समजू नये. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम व डायनोटेफ्युरान ही तिन्ही ४अ या एकाच गटातील आहेत. बुप्रोफेझिन १६ व्या, पायमेट्रोझिन ९ब, आणि अलीकडचे ट्रायफ्लुमेझोपायरिम ४ई गटातील. लागोपाठ दोन फवारण्या एका गटाच्या होऊ देऊ नयेत.

संशोधन केंद्रांच्या चाचण्यांतही एक उणीव राहते, ती शेतकऱ्यांनी जाणावी. त्यांचे वाफे लहान असतात. लहान वाफ्यात फवारणीने कोळी मेले तरी शेजारच्या बिनऔषधी वाफ्यातून दुसरे चालत येतात, आणि औषधाचा उलटण्याचा दोष झाकला जातो. पाच एकरांचा सलग तुकडा फवारला असता मध्यभागी कोळी लवकर परत येत नाहीत. म्हणून मोठ्या शेतातील चाचणी शेतकऱ्याखेरीज दुसरा कोणी नीट करू शकणार नाही, असे आमचे मत आहे.

ती करण्यास फार खटाटोप नको. एकसारख्या पाण्याच्या व एकाच दिवशी रोवलेल्या दोन बांध्या निवडाव्या. एक फवारावी, एक राखून ठेवावी. कोणती राखावी ते नाणे उडवून ठरवावे, नाही तर मन आपोआप वाईट बांधी राखील. इतके धैर्य नसेल तर मोठ्या बांधीत निदान पाच-सहा मीटर रुंदीचा पट्टा सोडावा. फवारणीच्या आदल्या दिवशी तिरप्या रेषेत चालत २० चूड घ्यावे, प्रत्येक चूड वाकवून बुडाशी थाप मारावी व पाण्यावर पडलेले तुडतुडे मोजावे. त्याच वेळी कोळी व मिरीडही निराळे मोजावे. हिरवा मिरीड पाहून पुष्कळ जण त्यास हिरवा तुडतुडा समजतात व मित्राच्याच नावाने फवारा मारतात. तुडतुडा तिरपा चालतो, उडी मारतो, व त्याचे अंग पाचरीसारखे असते. मिरीड नाजूक, लांब मिशांचा असून पळण्याची त्याला घाई असते. दर चुडास सरासरी १० तुडतुड्यांच्या खाली संख्या असेल आणि कोळी भरपूर असतील, तर फवारणी न करता तीन-चार दिवस बांधीतील पाणी काढून टाकावे व पुन्हा मोजावे. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

राखलेल्या बांधीतून कीड सगळीकडे पसरेल, ही भीती अगदीच निराधार नाही. तीत संख्या झपाट्याने वाढून चुडास १० च्या फार पुढे जाऊ लागली, तर चाचणीचा हट्ट सोडून तीही फवारावी. तेवढ्या मोजण्यांवरून औषधाचा गुण कळून चुकलेला असतो. शेतकऱ्याचे पोट त्या बांधीवर आहे, ती काही प्रयोगशाळा नव्हे.

फवारणीच वाकडी झाली तर परीक्षा औषधाची होत नाही, हे उघड आहे. नोझल चुडाच्या बुडाकडे वळवून, एकरी सुमारे २०० लिटर पाण्यात लेबलावरील मात्रा घालून मारावी. रोवणीच्या वेळी दर दोन-तीन मीटरांवर फूटभर मोकळा पट्टा ठेवलेला असेल तर मजुरास आत शिरून बुडापर्यंत पोचता येते, आणि हवा खेळल्याने कीडही कमी माजते. दोन-तीन औषधे एका पंपात कालविण्याची चाल मात्र सर्वथा सोडावी. तीत कोणत्या औषधाने काय केले ते कळत नाहीच, वर फवारणाऱ्याच्या जिवास धोका असतो. २०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीत विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. दाट व उंच वाढलेल्या धानातही वाफ तोंडाशीच कोंडते. तोंडास फडके, हातमोजे, पुरते कपडे व वाऱ्याच्या दिशेचा विचार याशिवाय मजुरास बांधीत उतरवू नये. तसेच मिथिल पॅराथिऑन, फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस यांच्यावर २०१८ च्या हुकुमाने टप्प्याटप्प्याने बंदी आली आहे. जुने डबे घरात पडले असतील तर ते धानावर संपविण्याचा विचारही करू नये.

एका शेतकऱ्याच्या दोन बांध्यांवरून तालुक्याचा निर्णय होणार नाही. परंतु एका गावातील पाच-सहा सभासदांनी एकाच आठवड्यात, एकच औषध, एकाच मात्रेने घेऊन अशा जोड-बांध्या ठेवल्या, तर संशोधन केंद्रातील तीन-चार वाफ्यांहून ती चाचणी कमी प्रतीची ठरणार नाही. साध्या वहीत औषधाचे नाव व गट, फवारणीची तारीख, त्या आठवड्यातील पावसाचे दिवस, आणि आदल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व एकविसाव्या दिवशीची तुडतुड्यांची, कोळ्यांची व मिरीडांची सरासरी लिहावी. कापणीच्या वेळी दोन्ही बांध्यांतून सारख्या मापाचा तुकडा निराळा कापून, निराळा झोडून, वाळवून तोलावा, आणि अधिक आलेल्या धानाच्या किमतीतून औषध व मजुरी वजा करून उरलेला आकडा त्याच पानाच्या तळाशी मांडावा.